शिपायाचं घर पेन्शनच्या फायलीत शोधा

ज्यांच्या घरात अमेरिकी सून किंवा जावई आला आहे, आणि नातवंडांच्या वंशावळीची एक बाजू भरलेली तर दुसरी चार नावांवर अडलेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या मिडवेस्टच्या पट्ट्यात ज्या घराण्यांच्या चार-पाच पिढ्या गेल्या, त्यांच्यात १८६१ ते १८६५ च्या, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या यादवी युद्धात गेलेला एक तरी पूर्वज बहुतेक वेळा निघतोच. १८६० साली आयोवाची लोकसंख्या होती पावणेसात लाख. त्यातले सुमारे ७६ हजार उत्तरेच्या सैन्यात गेले आणि १३ हजार मेले, त्यातलेही बहुतेक गोळीने नाही, आजाराने. जे परतले त्यांनी लग्नं केली, जमिनी नांगरल्या, मुलं वाढवली. आपल्याला शोधायचं आहे ते हे पुढचं आयुष्य.

नागपूरला महालेखाकार कार्यालयात पेन्शनच्या कामात माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर मुलाकडे आयोवा सिटीला आले. सूनबाईच्या आजीचे आजोबा २२व्या आयोवा पायदळ रेजिमेंटमध्ये साधे शिपाई होते, एवढंच तिच्या घरी ठाऊक होतं. 'व्हिक्सबर्गला जखमी झाले', म्हणजे मिसिसिपीतल्या त्या शहराच्या १८६३ च्या वेढ्यात, अशी एक आठवण सगळे सांगायचे. ती फाइल मी मागवली, वाचली, आणि मग इथल्या ओळखीतल्या आणखी काही घरांसाठीही हे काम केलं. त्यातून पटलेली गोष्ट आधीच सांगते: लढायांच्या इतिहासापासून सुरुवात करू नका. लढाईच्या पुस्तकात रेजिमेंट भेटते, माणूस भेटत नाही. माणूस आणि त्याचं घर भेटतं पेन्शनच्या कागदांत, कारण पुराव्याशिवाय सरकार पैसा सोडत नव्हतं. तो पुरावा म्हणजे लग्न कधी झालं, कोणी लावलं, मुलं कधी झाली, बायको आधी कोणाची होती, शेजारी कोण, दुखणं काय, हे सगळं.

आधी कंपनी आणि रेजिमेंट

नुसत्या नावावर शोध घेऊ नका. स्मिथ, जॉन्सन, मिलर या नावांची माणसं एकेका राज्यात शेकड्यांनी लढली. शिपायाची खरी ओळख नाव, कंपनी (म्हणजे रेजिमेंटमधली तुकडी), रेजिमेंट आणि राज्य या चार गोष्टी मिळून होते. ही ओळख सर्वात सहज मिळते ती त्याच्या थडग्यावर. १८७९ पासून खासगी स्मशानभूमीत पुरलेल्या शिपायांनाही सरकारी शिळा मिळू लागली. पांढऱ्या दगडात खोलगट ढाल कोरलेली, तिच्यात नाव, कंपनीचं अक्षर आणि रेजिमेंटचा आकडा. जुन्या शिळांवर जन्ममृत्यूच्या तारखा बहुधा नसतात, पण तारीख नंतरही मिळते. आधी अक्षर आणि आकडा लिहून घ्या. थडगं सापडत नसेल तर नॅशनल पार्क सर्व्हिसची सैनिकांची सूची इंटरनेटवर फुकट बघता येते. तिथे नाव टाकलं की त्या नावाच्या सगळ्यांच्या रेजिमेंट दिसतात.

मग आपला कोणता, हे ठरवायला काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, उपयोगी पडते. पायदळाच्या रेजिमेंटमध्ये दहा कंपन्या, एकेका कंपनीत साधारण शंभर माणसं, आणि कंपनी बहुतेक एकाच गावाच्या आसपास उभी राहायची. २२व्या आयोवाच्या बऱ्याच कंपन्या आमच्या याच जॉन्सन काउंटीतल्या. म्हणजे शेजारी, मेहुणे, एका शाळेत गेलेली पोरं एकाच रांगेत उभी होती. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, शेवटी तिचाच उपयोग होणार आहे.

दोन वेगळ्या फायली

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, एका शिपायाच्या दोन फायली असू शकतात, आणि लोक नेमकी चुकीची मागवतात. पहिली सेवेची फाइल. ती पातळ असते: भरती कधी, वय, उंची, डोळ्यांचा रंग, व्यवसाय, जन्मस्थान, आणि दर दोन महिन्यांच्या हजेरीपटावरून उतरवलेल्या चिठ्ठ्या. 'हजर', 'गैरहजर, इस्पितळात' अशा. ही फॉर्म ८६ वर मागवायची. दुसरी पेन्शनची. ती फॉर्म ८५ वर, आणि मागवताना संपूर्ण फाइल हवी असं स्पष्ट निवडायचं, नाहीतर काही निवडक कागदच हाती येतात. पैसे एकीवरच खर्च करायचे असतील तर विचार न करता पेन्शनची मागवा. बहुतेक पेन्शन फायलींच्या प्रती इंटरनेटवर नाहीत, हेही लक्षात ठेवा. इंटरनेटवर दिसतं ते सूचीचं कार्ड.

पण ते एक कार्डसुद्धा नीट वाचलं तर बरंच सांगतं. त्यावर 'इन्व्हॅलिड', 'विडो', 'मायनर' अशा ओळी असतात. इन्व्हॅलिड म्हणजे शिपायाचा स्वतःचा अर्ज, विडो म्हणजे विधवेचा, मायनर म्हणजे पोरक्या मुलांच्या पालकाचा. काही कार्डांवर आईचाही अर्ज असतो. मुलगा अविवाहित मेला आणि आई त्याच्या कमाईवर जगत होती, तर तिलाही पेन्शन मागता येई. प्रत्येक ओळीत अर्जाची तारीख, अर्ज क्रमांक, प्रमाणपत्र क्रमांक आणि अर्ज कुठल्या राज्यातून केला ते असतं. आयोवाच्या रेजिमेंटचा माणूस आणि अर्ज नेब्रास्काहून, म्हणजे घर हललं. विधवेच्या अर्जाची तारीख दिसली की नवरा त्याच्या थोडंच आधी गेला असं बहुधा धरता येतं, कारण बायका अर्जाला उशीर करत नसत, घर चालवायचं असे. प्रमाणपत्राचा रकाना रिकामा असेल तर अर्ज मंजूर झाला नाही. तरी ती फाइल जरूर मागवा. नामंजूर अर्जांत पुरावे जास्त असतात, कारण माणूस पुन्हा पुन्हा कागद जोडत राहतो. आमच्या विभागातही जाडजूड फाइल अडलेल्या प्रकरणाचीच असायची.

कायद्याचं साल कळलं की कागद कळतो

फाइल वाचण्याआधी पाच सालं लिहून समोर ठेवा. १८६२ च्या कायद्याने युद्धात अपंग झालेल्यांना आणि मेलेल्यांच्या विधवांना पेन्शन मिळाली. साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर. १८६६ पासून सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे आणखी २ डॉलर, आणि या दोन डॉलरांसाठी प्रत्येक मुलाची जन्मतारीख सिद्ध करावी लागे. वंशावळ लिहिणाऱ्याला ही तरतूद म्हणजे मोठंच देणं आहे. १८७९ च्या कायद्याने मागची थकबाकी देऊ केली, तेव्हा अर्जांचा लोंढा आला. १८९० च्या जून महिन्यातला कायदा त्याहून मोठा: नव्वद दिवसांची सेवा आणि सैन्यातून सन्मानाने सुटका झालेली असली, आणि आता अंगमेहनत होत नसली, तर दुखणं युद्धातलं आहे हे दाखवायची गरज उरली नाही. १९०७ साली वयाची ६२ वर्षं हीच पात्रता झाली. १८९० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या खर्चाचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा पेन्शनवर जात होता. वॉशिंग्टनला गेलात तर त्या वेळच्या पेन्शन ब्युरोची लाल विटांची प्रचंड इमारत जरूर बघा. तिच्या चारी भिंतींवर सैनिक, खलाशी आणि गाडीवान चालताना कोरलेले आहेत. आता तिथे नॅशनल बिल्डिंग म्युझियम आहे.

आमच्या शिपायाचा पहिला अर्ज १८९० च्या उन्हाळ्यातला. म्हणजे युद्धानंतर पंचवीस वर्षं त्यांनी काही मागितलं नव्हतं.

फाइल हातात आल्यावर

पानं तारखेच्या क्रमाने लागलेली नसतात. आधी काही न वाचता सगळी पानं जेवणाच्या टेबलावर मांडा आणि सालवार लावा. प्रतीवर काही लिहू नका, वेगळ्या वहीत तारीख, कोण बोलतंय, कोणाबद्दल, असे तीन रकाने करा. मग पहिल्यांदा दोन छापील प्रश्नपत्रिका शोधा. एक १८९८ ची, दुसरी १९१५ ची. दोन्हींत ब्युरोने शिपायालाच विचारलं आहे: लग्न झालं आहे का, बायकोचं माहेरचं नाव काय, लग्न कुठे, कधी, कोणी लावलं, आधी लग्न झालं होतं का, मुलांची नावं आणि जन्मतारखा काय. उत्तरं बहुधा त्याच्या स्वतःच्या हातची. सूनबाईने पहिल्यांदा तो कागद पाहिला तेव्हा मुलांच्या नावांवरून हळूच बोट फिरवलं. तिच्या आजीच्या आईचं नाव त्या यादीत होतं, घरच्या टोपणनावाने नाही, पूर्ण नावाने.

पण एका गोष्टीला जपा. १८९८ च्या प्रश्नपत्रिकेत हयात मुलंच विचारली होती. गेलेल्या लेकरांना तिथे जागा नाही. त्यासाठी १९०० ची जनगणना जोडून वाचायची. त्या साली प्रत्येक बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत हे विचारलं गेलं, शिवाय सगळ्यांच्या जन्माचा महिना आणि साल, आणि लग्नाला किती वर्षं झाली तेही. आमच्या घरात यादीत चार मुलं, जनगणनेत 'झाली सात, हयात चार'. तिघं कुठे गेली? दोघांच्या छोट्या शिळा आई-बापांच्या शेजारीच गवतात निघाल्या. तिसऱ्याचा पत्ता विधवेच्या अर्जात होता. लग्नाचा आणि जन्मांचा पुरावा म्हणून तिने घरच्या बायबलमधली नोंद दाखवली होती, आणि नोटरीने ती जशीच्या तशी उतरवून खाली लिहिलं होतं की शाई जुनी आहे, खाडाखोड नाही. त्यात तिसरं नाव होतं, एक मुलगी, जेमतेम तीन आठवड्यांची. कित्येक फायलींत तर बायबलची मूळ पानंच आहेत, संसारातून फाडून दिलेली आणि परत न गेलेली. म्हणून फाइलचं शेवटचं पान येईपर्यंत वाचणं सोडू नका.

विधवेचे कागद सर्वात सावकाश वाचा. तिला सिद्ध करावं लागे की लग्न कायदेशीर होतं, दोघांचीही आधीची लग्नं मृत्यूने किंवा घटस्फोटाने संपली होती, आणि तिने पुन्हा लग्न केलेलं नाही. त्यामुळे पहिल्या बायकोचं नाव, ती कुठे आणि कधी वारली, हे दुसऱ्या बायकोच्या अर्जात मिळतं. सुईणीचं, शेजारणीचं, नवऱ्याच्या बहिणीचं प्रतिज्ञापत्र असतं. त्या बायकांची नावं इतरत्र क्वचितच उमटली आहेत. प्रत्येक नाव वहीत घ्या. 'मी हिला लहानपणापासून ओळखते' असं लिहिणारी बाई बहुतेक नात्यातली निघते.

डॉक्टरांच्या तपासणीचे कागद कंटाळवाणे वाटले तरी टाळू नका. वजन, नाडी, दात, सांधे, सगळं आहे. व्हिक्सबर्गच्या जखमेची घरातली आठवण इथे तपासून पाहिली. २२ मे १८६३ च्या हल्ल्यात २२व्या आयोवाची माणसं रेल्वेमार्गाजवळच्या शत्रूच्या बुरुजात शिरली होती हे खरं, आणि तिथे त्यांची फार हानी झाली हेही खरं. पण आमच्या शिपायाच्या अंगावर डॉक्टरांना गोळीची खूण सापडली नाही. सापडला जुनाट अतिसार, जो त्या छावणीत लागला आणि पन्नास वर्षं त्यांच्याबरोबर राहिला. सूनबाईच्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे ते शेतात उभे राहायचे तेसुद्धा दुखणं घेऊनच." मला हे जखमेपेक्षा लहान वाटत नाही.

खास तपासनीस आला असेल तर

ब्युरोला शंका आली की खास तपासनीस गावात यायचा आणि एकेकाला शपथेवर बसवून जबाब घ्यायचा. तुमच्या फाइलमध्ये असे जबाब असतील तर दोन दिवस राखून ठेवा. इलिनॉयच्या अल्बर्ट कॅशियर यांचं प्रकरण मी या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला वाचायला सांगते. आयर्लंडमध्ये जन्म, जन्मनाव जेनी हॉजर्स. ऑगस्ट १८६२ मध्ये बेल्व्हिडिअर इथे ९५व्या इलिनॉय पायदळाच्या जी कंपनीत अल्बर्ट कॅशियर या नावाने भरती, व्हिक्सबर्गच्या वेढ्यात सेवा, १८६५ ला सन्मानाने सुटका. पुढे सॉनेमिन नावाच्या खेड्यात पुरुष म्हणूनच आयुष्य काढलं, मजुरी केली, मतदान केलं, पेन्शन घेतली. १९११ साली मोटारीखाली पाय मोडला आणि क्विन्सीच्या सैनिकगृहात जावं लागलं. १९१४ साली वॉटरटाउनच्या मनोरुग्णालयात हलवल्यावर गोष्ट सगळीकडे झाली आणि पेन्शन ब्युरोने चौकशी लावली: ९५व्या इलिनॉयमध्ये लढलेला शिपाई तो हाच का? जुने सोबती आले आणि त्यांनी शपथेवर सांगितलं, होय, हाच. पेन्शन चालू राहिली. १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये मृत्यू झाला, तेव्हा गणवेशात, लष्करी मानाने सॉनेमिनला दफन केलं. मिळकतीची व्यवस्था बघणाऱ्याने वर्षानुवर्षं आयर्लंडपर्यंत वारस शोधले आणि कोणाचं नातं सिद्ध झालं नाही. काही शिपायांचं घर म्हणजे त्यांची कंपनीच होती. अशा वेळी नात्यांचा तक्ता कोरा आला तर जबाब देणाऱ्या सोबत्यांची नावं लिहा, तेच त्याचं गणगोत.

जनगणनेतला खड्डा

पेन्शनच्या फाइलमधली तारीख जनगणनेशी ताडून बघायचीच. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे, १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलं आहे, १९१० मध्ये उत्तरेच्या सैन्यातल्या माणसापुढे 'यूए' (युनियन आर्मी) ही अक्षरं आहेत. १८९० ची गणना मात्र १९२१ च्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत जवळजवळ सगळी गेली. त्या साली युद्धात गेलेल्यांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी केली होती, तीही अर्धीच उरली. राज्यांच्या वर्णक्रमात केंटकीपासून पुढची राहिली. म्हणजे मिशिगन, मिनेसोटा, मिसुरी, नेब्रास्का, ओहायो, विस्कॉन्सिन मिळतील. इलिनॉय, इंडियाना, आयोवा, कॅन्सस जवळजवळ मिळणारच नाहीत, शोधत बसू नका. आयोवाच्या घरांना राज्याच्या स्वतःच्या जनगणना तारतात, १८८५ आणि १८९५ च्या. १९२५ च्या आयोवा गणनेत तर प्रत्येकाच्या आई-वडिलांची नावं आहेत, आईचं माहेरचं नावही. म्हातारी विधवा किंवा थोरला मुलगा तेव्हा हयात असेल तर एक पिढी आणखी मागे जाता येतं.

वयावर मात्र एकाच कागदावरून विश्वास ठेवू नका. उत्तरेच्या सैन्यातले शेवटचे हयात सैनिक अल्बर्ट वूल्सन २ ऑगस्ट १९५६ ला मिनेसोटातल्या डुलूथमध्ये वारले. ते पहिल्या मिनेसोटा जड तोफखान्यात ढोलकी वाजवणारे होते. वय १०९ सांगितलं गेलं. पुढे जनगणना तपासल्यावर ते बहुधा १०६ होते असं दिसलं. भरतीसाठी पोरं वय वाढवत, पेन्शनसाठी म्हातारे वाढवत. जन्माच्या सर्वात जवळची नोंद जास्त खरी धरा.

जमीन आणि बाकीचे कागद

शिपाई पश्चिमेकडे सरकला असेल तर त्याने होमस्टेड कायद्याखाली, म्हणजे राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याखाली, १६० एकर घेतली असण्याची शक्यता मोठी. पाच वर्षं राहण्याची अट होती, आणि १८७२ पासून सैन्यातला काळ त्यातून वजा होई. जमिनीचा अंतिम दाखला ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो. त्याच्यामागची फाइल पुन्हा राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवायची. घर किती फुटांचं, किती एकर नांगरली, विहीर आहे का, घरात माणसं किती, आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष, हे तिच्यात असतं.

सैनिकगृहांच्या नोंदवह्या आहेत, डेटन, मिलवॉकी, लेव्हनवर्थच्या. त्यांत जवळच्या नातलगाचं नाव आणि पत्ता असतो, एकटा पडलेला माणूस असेल तर आधी तिथे बघा. ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक ही सैनिकांची संघटना १८६६ साली इलिनॉयच्या डेकेटरला निघाली, तिच्या गावोगावच्या शाखांच्या सभासद-वह्या काउंटीच्या इतिहास मंडळात असतात. तिथल्या कपाटाशी बसणाऱ्या वयस्क स्वयंसेविकेला आधी फोन करा आणि कंपनीचं अक्षर सांगा. संगणकात नसलेलं तिच्या डोक्यात असतं.

सोबत्यांच्या फायली

एवढं झाल्यावर बहुतेक जण थांबतात. थांबू नका. पेन्शनची एक सूची रेजिमेंट आणि कंपनीवार लावलेली आहे. तुमच्या शिपायाची कंपनी उघडा आणि त्याच्या गावातली, त्याच्या बायकोच्या माहेरच्या आडनावाची, जनगणनेत शेजारच्या घरात दिसणारी माणसं वेगळी काढा. त्यांच्यापैकी एक-दोघांची, विशेषतः त्यांच्या विधवांची, फाइल मागवा. तुमच्या शिपायाने तिथे साक्षीदार म्हणून जबाब दिलेला असू शकतो, आणि साक्षीदाराला आधी स्वतःची ओळख शपथेवर सांगावी लागे. आमच्या शिपायाच्या स्वतःच्या फाइलमध्ये युद्धाआधीचं एक अक्षर नव्हतं. कंपनीतल्या एका मित्राच्या विधवेसाठी दिलेल्या जबाबात मात्र त्यांनी सांगितलं आहे की वय इतकं, धंदा शेती, आणि 'मयताला मी ओहायोपासून ओळखतो, आम्ही एकाच गाडीतून आयोवाला आलो, माझी बहीण त्याच्या भावाला दिली आहे.' त्या बहिणीचं नाव सूनबाईच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. आता ओहायोतल्या तिच्या लग्नाची नोंद काउंटी कोर्टातून मागवली आहे. अर्जात मी दोघांचीही आडनावं, जवळचं साल आणि पाद्री मेथडिस्ट असण्याची शक्यता लिहिली आहे. तुम्हीही अशी नोंद मागवताना सालाच्या मागेपुढे पाच वर्षं धरून शोध करा असं स्पष्ट लिहा.